नळाचं पाणी

काचेचा इंचभर तुकडा चिमट्यात धरून नंदिनीनं खिडकीच्या उजेडात तिरका केला, आणि त्यावर कडेपासून कडेपर्यंत सारखा पांढुरका थर दिसला तेव्हा आनंदाच्या आधी तिला भीती वाटली. अकरा महिन्यांत असा थर आला नव्हता. जस्ताच्या ऑक्साइडच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कांड्या काचेवर दाट, उभ्या उगवल्या की त्या काचेचा सोलर सेल भरपूर वीज देतो — पाच वर्षांच्या संशोधनाचं सार एवढंच, आणि त्या कांड्या आजवर एकदाच नीट उगवल्या होत्या, गेल्या मे महिन्यात. त्यावर पेपर छापून आला, कौतुक झालं. नंतर तीच रसायनं, तेच नव्वद अंश, तेच चार तास... आणि काचेवर नुसते चट्टे.

शेजारच्या दुसऱ्या काचेवर आजही चट्टेच होते. ती शुद्ध पाण्यातली होती. हातातली नळाच्या पाण्यातली. म्हणजे भीमाबाई खरं बोलली होती.

भीमाबाई प्रयोगशाळेतली मदतनीस. काचसामान धुवायचं, यंत्रातून शुद्ध केलेलं पाणी कॅनमध्ये भरून ठेवायचं, हे तिचं काम. एकोणीस वर्षं झाली, कंत्राटदाराकडून, दरवर्षी नव्या करारावर. नंदिनीच्याच वस्तीतली, दोन गल्ल्या सोडून राहणारी. लोकांदेखत ‘मॅडम’ म्हणायची, एकटी सापडली की ‘वं पोरी’. नंदिनी एम.एस्सी.ला पहिली आली तेव्हा चौकात तिच्या फोटोचा बोर्ड लागला होता, आणि त्या बोर्डासमोर उभी राहून येणाऱ्याजाणाऱ्याला ‘आपली पोरगी आहे’ म्हणून सांगणारी हीच.

काल दुपारी नंदिनी ओट्यावर डोकं टेकून बसली होती. एका विद्यापीठातून पत्र आलं होतं — तुम्ही छापलेल्या पद्धतीनं थर येत नाही, खुलासा करा. पुढच्या महिन्यात पीएच.डी.ची तोंडी परीक्षा, आणि हे पत्र तिथं पोचलं असतं तर पाच वर्षं पाण्यात. भीमाबाई हात पुसत जवळ येऊन उभी राहिली.

“तुले एक सांगू काय वं? रागवू नको. मे महिन्यात पाण्याचं मशीन जळलं होतं. आदल्या दिवशी क्यान भरून ठेवला नव्हता म्हणून तू मले खूप बोलली होती, म्हणून मी नळाचंच पाणी भरून ठेवलं. मग सांगाची हिंमतच नाही झाली.”

नंदिनीचे हाल बघवेनात म्हणून सांगितलं तिनं. दुसरं काही कारण नव्हतं... काही तरी स्वार्थाचं कारण असायला हवं होतं, असं आता नंदिनीला वाटतं.

काच घेऊन ती मार्गदर्शकांच्या, मनोहरराव सरांच्या खोलीत जवळजवळ पळतच गेली. तिथं एवढंच म्हणता आलं असतं, की सर, पाण्यात क्षार गेले होते, त्यांच्यामुळे थर चांगला येतो. पुरलं असतं. पण अकरा महिने ज्यांनी ‘हात नीट चालत नाहीत तुझे’ असं ऐकवलं होतं, त्यांना एकदा तरी सांगायचं होतं, की चूक माझी नाही... माझी नाही, सर, माझी कधीच नव्हती! आणि ते सांगताना भीमाबाईचं नाव तोंडातून सहज निघून गेलं, फार सहज.

सर खूश झाले. इतके, की त्यांनी तिच्यासाठी चहा मागवला. क्षारांमुळे कांड्या दाट उगवतात हा तर नवा शोध, त्यावर नवा पेपर, त्यात पहिलं नाव नंदिनीचं. जुन्या पेपरचा खुलासा मात्र करावा लागेल. त्यासाठी मदतनीसानं हलगर्जीपणानं पाणी बदललं अशी लेखी तक्रार हवी, संशोधक विद्यार्थिनीच्या सहीची. तक्रार कंत्राटदाराकडे गेली की करार पुढे वाढत नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून त्याबद्दल कुणी बोललं नाही. मजकूर सरांनी तिथंच टाइप करून घेतला.

“सर, त्यांना नुसती ताकीद दिली तर?”

“मग खुलाशात नाव कुणाचं टाकू?” सरांनी मान वर केली नाही. “तुझं?”

चहा संपायच्या आत सही झाली. सही नेहमीसारखीच आली, शेवटच्या फराट्यासकट.

दुपारभर ती मोजमापाच्या यंत्रासमोर बसून होती आणि आकडे उत्तम येत होते. अपराधी वाटायला हवं, म्हणून ती वाट पाहत राहिली. त्याऐवजी भलतंच आठवू लागलं. सोमवारी भीमाबाई उशिरा येते. गालात तंबाखूचा खर्रा असतो. फोनवर सुनेशी मोठमोठ्यानं बोलते. मागं तिनं एक महागडं चंचुपात्र फोडलं होतं आणि आपण — आपणच — ते झाकलं होतं. अकरा महिने ही बाई गप्प राहिली! मी रडत होते, उपाशी राहत होते, आणि हिला माहीत होतं... चौकातल्या बोर्डासमोर उभं राहायला हिला कुणी सांगितलं होतं? कोण लागते मी हिची? एकेक दोष सापडला की छातीतला दगड थोडा हलका होई, आणि ती पुढचा शोधू लागे.

चारला भीमाबाईनं कॅन आणून कोपऱ्यात ठेवला. तक्रार दुसऱ्या दिवशी सकाळी जायची होती. तिला काहीच माहीत नव्हतं.

“सर हसत होते मघाशी. जमलं काय वं तुझं?”

“जमलं.”

“मी सांगितलं ते बरंच झालं म्हणजे.” भीमाबाईचा चेहरा उजळला. “मी तर भिऊनच राहिली होती.”

“मावशी, पाण्याला हात लावू नका,” नंदिनी म्हणाली. भीमाबाईचा हात पाण्याजवळही नव्हता. तिनं तो तरी पदरात घेतला, मोरीपाशी गेली आणि बाटल्या धुवायला लागली.

नंदिनी मागं उभी राहून बघत होती. साबण, मग नळाचं पाणी, मग शुद्ध पाणी तीनदा, मग बाटली उलटी करून जाळीवर. दुसरी बाटली तशीच. तिसरी तशीच, एकेक थेंब निथळेपर्यंत धरून. पाण्याची चूक ध्यानात ठेवून आज ती जास्तच जपत होती, हे कळून नंदिनीला असा संताप आला की कानशिलं तापली. एक चूक, एकच... मग सकाळची सही खरी ठरली असती. भीमाबाईनं चौथी बाटली उचलली, आणि ती तिच्या ओल्या हातून निसटावी म्हणून नंदिनी श्वास रोखून, अगदी मनापासून वाट बघत राहिली.