इंजिनच्या बाटलीतलं तेल

गेल्या वर्षी शोरूमच्या वर्कशॉपने आमच्या गाडीची ‘सगळी तेलं बदलली’ असं छापून दिलं, तेव्हापासून माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकत होती. बदलली म्हणजे, पाहिलं कोणी? गाडीच्या पोटाखाली कोण वाकून बघतंय? रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत मी सव्वीस वर्षं काढली आहेत. नमुना समोर असल्याशिवाय मी सख्ख्या भावाचंही ऐकत नाही.

म्हणून यंदा गाडी सर्व्हिसिंगला टाकताना मी नमुन्याच्या दोन कोऱ्या बाटल्या सोबत दिल्या. एकीवर चिठ्ठी ‘इंजिन’, दुसरीवर ‘मागचा डिफरन्शियल’. आमच्या गाडीत इंजिनचा जोर चारही चाकांना जातो, त्यामुळे तो जोर चाकांकडे वळवणाऱ्या दातेरी चक्रांचा एक डबा, म्हणजेच डिफरन्शियल, तिला पुढे आहे आणि एक मागे. या खेपेला इंजिनचं आणि मागच्या डब्याचं तेल बदलायचं होतं. काउंटरवरच्या टायवाल्याने बाटल्या दोन बोटांच्या चिमटीत धरल्या.

“मॅडम, ह्यांचं काय करू?”

“जुनं तेल भरून द्या. थोडंसंच.”

“आणि रिपोर्ट कधी मिळेल?” त्याने विचारलं, तसे शेजारचे दोघं खो खो हसले. मीही हसले. हसेनात का, बाटल्या तर भरतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने परस्पर गाडी ताब्यात घेतली, दारात येऊन बाटल्या माझ्या हातात कोंबल्या आणि आत न येताच निघाली. डोंगरापलीकडच्या गावात तिला नवी नोकरी लागली होती. पहिलाच दिवस, एक वाजता हजर व्हायचं होतं. दहा वाजले होते. मला सुट्टी होती आणि स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं होतं. मनात अगदी उकळ्या फुटत होत्या, हे कबूल करते.

आधी मागच्या डब्याची बाटली उघडली. लबाडी असलीच तर ती इथेच, अशी माझी खात्री होती. पण आतलं तेल दाट, मधाच्या रंगाचं, आणि वास सडक्या अंड्याचा. गिअरच्या तेलाला असा वास येतो हे मी आधीच वाचून ठेवलं होतं. म्हणजे काम चोख केलं होतं. खरं सांगायचं तर माझा जरा हिरमोडच झाला.

मग इंजिनची बाटली उघडली. वर्षभर वापरलेलं इंजिनचं तेल काळंकुट्ट आणि पातळ असतं. हे मात्र तपकिरी, दाट, आणि त्यालाही तोच अंड्याचा वास! एकाच डब्यातून दोन्ही बाटल्या भरून माझ्या तोंडाला पानं पुसली की काय? मी टीपकागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाकला. एक फिकट पसरला, दुसरा गडद, त्यात बारीक चकाकी. तेलं दोन होती. मग हे दुसरं आलं कुठून?

गाडीचं पुस्तक काढलं. त्यातल्या चित्रात गाडीचं पोट दाखवलं होतं. इंजिनचं तेल सोडायचा बोल्ट, आणि त्याच्या मागेच, वीतभर अंतरावर, पुढच्या डिफरन्शियलचा बोल्ट. दोन्ही दिसायला जुळ्या बहिणी. मी टाळीच वाजवली. लबाडी नव्हतीच! त्यांनी चुकीचा बोल्ट उघडला, पुढच्या डब्याचं तेल सोडून दिलं आणि नवं तेल मात्र इंजिनमध्ये ओतलं. तिथलं जुनं तसंच होतं, त्याच्यावर. आणि पुढचा डबा कोरडाच राहिला. तेव्हा दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

आमच्या प्रयोगशाळेत एक शिस्त आहे. पहिला निकाल कोणालाही सांगायचा नाही. नवा कागद, नवा चमचा, आणि पुन्हा पहिल्यापासून. मी हात धुतले, थेंब पुन्हा टाकले, ते पसरून सुकेपर्यंत वाट पाहिली. शेजाऱ्यांकडून त्यांच्या गाडीच्या तेल मोजायच्या दांडीवरचं काळं तेल फडक्याला पुसून आणलं, तुलनेला. ते जिन्यात पायांच्या दुखण्याबद्दल बोलत राहिले, मीही ऐकलं. निकाल तोच आला. मग लेकीला फोन केला.

“गाडी बाजूला घे. आत्ताच्या आत्ता.”

“अगं, एक वाजता पोचायचंय मला. आणि गाडी जरा घरघरतेय, म्हणून मी गाणी मोठी केलीत.”

“बंद कर गाडी!” मी इतक्या जोरात ओरडले की तिने खरंच बंद केली.

मग वर्कशॉपला फोन लावला. टायवाला म्हणाला, शक्यच नाही, कॉम्प्युटरवर सगळ्या कामांपुढे बरोबरच्या खुणा आहेत. मी म्हटलं, ज्यांनी काम केलं त्यांना फोन द्या. मेकॅनिकचा आवाज पोक्त होता.

“ताई, इंजिनच्या बाटलीला वास कसला येतोय?”

“सडक्या अंड्यांचा.”

मग ते म्हणाले, “पत्ता सांगा. तुम्हाला घेऊनच जातो.”

लेक डोंगराच्या माथ्याजवळ रस्त्याच्या कडेला उभी होती. नोकरीच्या ठिकाणी तिने फोन केला होता आणि तिथले लोक काही गोड बोलले नव्हते. मेकॅनिक अंगाखाली पोतं घालून गाडीखाली शिरले. त्यांनी पुढच्या डब्याचा बोल्ट काढला. एक थेंबही पडला नाही. ते बाहेर आले आणि हात पुसत उभे राहिले.

“माझ्याच हातून झालं,” ते सरळ म्हणाले. “दुसऱ्या गाड्यांना तिथे एकच बोल्ट असतो. घाईत हात सवयीने गेला. पुढे सगळा उतार आहे, ताई. चक्रं जाम झाली असती तर पुढची चाकं अडकली असती.”

“डबा वाचेल?” मी विचारलं.

“नाही, चक्रं जळली. वीसेक किलोमीटरवर थांबली असती तर एखाद वेळेस वाचला असता.”

लेकीने गाडीतल्या मीटरवरचा आकडा पाहिला. घरापासून छप्पन्न किलोमीटर. ती माझ्याकडे वळली.

“आई, तुला कधी कळलं?”

फोन केला तेव्हाच, असं म्हणता आलं असतं. तो माणूस मात्र नुकताच आमच्या तोंडावर आपली चूक सांगून मोकळा झाला होता.

“दहा वीसला,” मी म्हटलं.

“फोन तर अकराला पाच कमी असताना आला.”

“खात्री करत होते.”

तिचे डोळे भरून आले होते.

“आई, मी गाडीत होते ना गं,” ती म्हणाली.