बिट्टीच्या जागी मी

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, मनगटावरचा. घड्याळासारखा दिसतो, म्हणून लोक मला वेळ विचारतात आणि मी गप्प बसतो. कारखान्यात माझ्या पोटात बारीक यंत्रं बसवली गेली. हाताला विशिष्ट प्रकारचे झटके येऊ लागले की ते ओळखायचं आणि ठरलेल्या माणसाचा फोन वाजवायचा, एवढंच मला येतं.

मी आलो ते बिट्टीच्या घरी. बिट्टीची आई शिवणकाम करते. तिला अपस्मार, म्हणजे फिट येण्याचा आजार आहे. गोळ्या चालू होत्या, तरी फिट अधूनमधून यायचीच. घरात दोघीच. एकदा बिट्टी खेळायला गेली असताना आई पडली आणि तिच्या कपाळाला खोक पडली. तेव्हापासून बिट्टी शाळेतून आली की मशीनशेजारच्या कापडाच्या गठ्ठ्यावर ठाण मांडून बसे. मैत्रिणी हाका मारून थकल्या. आपण नजर हटवली म्हणूनच आई पडली, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

माझी सुरुवात काही झोकात झाली नाही. मी आईच्या उजव्या मनगटावर होतो. त्याच हाताने ती मशीनचं चाक गरागरा फिरवी आणि मला वाटे, आली फिट! वरच्या मजल्यावरची मावशी फोन ऐकून हातातलं काम टाकून धावत येई, तर आई आपली मजेत उशीचा अभ्रा शिवत बसलेली. असं तीन-चारदा झाल्यावर मावशी वैतागली आणि माझी रवानगी बटणांच्या डब्यात झाली. मला फार वाईट वाटलं.

आई गोळ्या आणायला गेली तेव्हा मलाही सोबत घेऊन गेली, आणि माझी सुटका केली दवाखान्यातल्या नर्सने. "चाक कोणत्या हाताने फिरवता?" तिने विचारलं आणि मला डाव्या मनगटावर बांधलं. तो हात कापड सावकाश पुढे सरकवायचा. खोट्या हाका जवळजवळ थांबल्या. फिट आली तर काय करायचं, हे नर्सने मावशीला नीट शिकवलं. मग मावशीने बिट्टीला ढकलूनच खेळायला पाठवलं.

आणि त्याच आठवड्यात फिट आली. आई कापड बेतत होती. तिचा हात ताठ झाला, झटके सुरू झाले. मी फोन वाजवला. मावशीने येऊन कात्री दूर केली, डोक्याखाली मऊ कापड सरकवलं, आईला कुशीवर वळवलं. तोंडात काहीही घातलं नाही. थोड्या वेळाने झटके थांबले, आईने डोळे उघडले आणि माझा जीव भांड्यात पडला.

बिट्टी घामाघूम होऊन घरी आली, तेव्हा आईने काहीच लपवलं नाही. बिट्टीचा चेहरा उतरला.

"मी नव्हते तेव्हा?"

"तू नव्हतीस तेव्हा. आणि बघ, मला खरचटलंसुद्धा नाही."

बिट्टीने आईचं कपाळ चाचपून पाहिलं, मग कोपरं, मग गुडघे.

"मग मी उद्या पण जाऊ?"

आईला हसू आणि रडू एकदमच आलं.

मित्रांनो, फिट थांबवणं माझ्या हातात नाही, आणि कधीकधी मी चुकतोही. म्हणून मला रोज चार्ज करा, सैल बांधू नका आणि हाक ऐकून येणारं मोठं माणूस जवळ असू द्या. लहान मुलांना पहाऱ्यावर बसवू नका.

आता माझा रंग उडाला आहे. बिट्टी मात्र अंधार पडला तरी घरी येत नाही. आई दारात उभी राहून तिला रागावते. ते रागावणं ऐकायला मला फार आवडतं.