आपसांतलं बोलणं

गुरुवारी दुपारी लावॉन टॅनर लेकीच्या कचेरीत आली ती न सांगताच. अंगात चर्चला जायचा निळा पोशाख, हातात झाकण लावलेलं काचेचं भांडं. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला ती दोन दिवस पोर्टलंडला जनेलकडे राहिली होती. संध्याकाळच्या विमानाने आयडाहोला परतायचं होतं.

"अगं, फोन तरी करायचास!" जनेल म्हणाली.

"केला असता तर नको म्हणाली असतीस." आईने भांडं टेबलावर ठेवलं. "चीज घालून बटाटे केलेत. तुझ्याकडे ओव्हन आहे, पण त्यात तू बूट ठेवतेस की काय कोण जाणे. धूळ पुसायलाच अर्धा तास गेला."

तेवढ्यात ग्रेग व्हिटकॉम्ब आत डोकावला. या वकिलांच्या फर्ममधला सगळ्यांत ज्येष्ठ भागीदार तो. अकरा वर्षं इथे घासल्यावर जनेलला भागीदार करायचं की नाही, हे पुढच्या महिन्यात त्याच्या शब्दावर ठरणार होतं.

"माझी आई," जनेल म्हणाली. "आयडाहोहून आलीय."

"आयडाहो! सांभाळून हं बाई, तिकडे त्या मॉर्मन पंथवाल्यांचा सुळसुळाट म्हणे. एकेकाला चार-चार बायका." त्याने डोळा मिचकावला. "तुम्ही कितव्या?"

लावॉनने त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिने लेकीकडे पाहिलं. 'तुझ्या ऑफिसात माहीत आहे ना, आपण कोण ते?' हे ती दर सणावाराला विचारायची, आणि जनेल दर वेळी म्हणायची, 'हो गं, सगळ्यांना माहीत आहे.'

जनेल हसली. मोठ्याने नाही, पण ग्रेगला पुरेल इतकं.

"मी एकुलती एक," लावॉन म्हणाली. "बावन्न वर्षांचा संसार."

ग्रेग खो खो हसला, दोन चमचे बटाटे खाल्ले, वा वा म्हणाला आणि गेला. लिफ्टपाशी जनेल काही बोलणार होती. आईने तिची कॉलर नीट केली. "घरी ये गं मधूनमधून," एवढंच म्हणाली.

शुक्रवारी सकाळी परसात टोमॅटोच्या वाफ्यापाशी लावॉन खाली बसली ती पुन्हा उठली नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव.

मॉर्मन लोकांत, बाई वारली की तिला टेम्पलचा, म्हणजे त्यांच्या पवित्र मंदिरातल्या विधींचा, पांढरा पोशाख घरच्या आणि चर्चमधल्या बायकाच घालतात. जनेल होती, शेजारची व्हर्ला होती, आणखी दोघी होत्या. सगळं हळू आवाजात चाललेलं. बाही चढवायला जड जात होती. व्हर्लाने कोपर अलगद वाकवून दिलं आणि म्हणाली, "विमानतळावरून मीच आणलं हो हिला. रस्ताभर तुझंच चाललेलं. म्हणे, जनेल आपल्यातली आहे हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे, आणि काय मान देतात! मोठा साहेब म्हणे स्वतः भेटायला आला."

जनेलचे हात थांबले. शेजारणीचा केक बसला तर तिच्या तोंडावर सांगणारी तिची आई. खोट्याचं तिला वावडं होतं.

"हो ना?" व्हर्लाने विचारलं.

"आला होता," जनेल म्हणाली आणि बाहीची गुंडी लावली.

पुढच्या मंगळवारी ती कामावर आली. नव्या वकिलांच्या निवडीची बैठक होती. ग्रेग, डॅना आणि ती, तिघंच. नकार द्यायचा तर तिघांची सही लागे.

"एलायझा हॅसलम," डॅनाने कागद उचलला. "गुण उत्तम. न्यायाधीशांच्या हाताखाली दोन वर्षं काम. पण हे बघ. दीड वर्ष ग्वातेमालात, मिशनवर. धर्मप्रचाराला."

"म्हणजे मॉर्मन. झालं!" ग्रेग खुर्चीत मागे रेलला. "दर वर्षी एक पोर. दोन वर्षांत पाळणा हलवायला घरी."

"आणि दारू त्यांना वर्ज्य. अशिलांना जेवायला नेलं की ही दूध मागवणार."

"आपल्याला बाटवायला बसली नाही म्हणजे मिळवलं!"

दोघं हसली. जनेलने टेबलाची कड धरली. अकरा वर्षांपूर्वी तिच्याही अर्जात एक दीड वर्ष होतं. 'फिनलंडमध्ये भाषा शिकवली,' असं तिने लिहिलं होतं. दारोदार फिरून काय सांगितलं, ते लिहिलं नव्हतं. पार्टीत सोड्यात लिंबाची चकती टाकून ती असा ग्लास धरायची की कुणी विचारू नये.

"हे कारण कायद्यात बसत नाही," ती म्हणाली.

"कारण कोण देतंय? आपण आपसांत बोलतोय." ग्रेगने पेनचं टोपण काढलं. "कागदावर आपलं नेहमीचंच. 'संस्थेत रुळणार नाही.' गेल्या वर्षी यूटाच्या त्या मॉर्मन पोराला तेच लिहिलं होतं. तूही सही केलीस की."

केली होती. त्या पोराचं नाव तिला आठवेना. आठवायचा प्रयत्न केला तेव्हा कानशिलं तापली.

ग्रेगने सही केली. डॅनाने केली. कागद सरकत तिच्यापुढे आला.

"तिची मुलाखत तरी घेऊ," जनेल म्हणाली.

"कशाला तिचाही वेळ घालवायचा?" ग्रेगचा आवाज मऊ झाला. "हे बघ, आईचं ताजं आहे, तुझं लक्ष नाहीये. समजतं मला. सही कर आणि घरी जा. पुढच्या महिन्यात तुझंच नाव मांडायचंय मला. उगाच आत्ता फाटे फोडू नकोस."

तो खरंच प्रेमाने बोलत होता. तेच अवघड होतं.

जनेलने पेन घेतलं. कागदावर तिच्या नावापुढची जागा रिकामी होती, अंगठ्याएवढी. डॅनाने घड्याळाकडे पाहिलं. जनेलने पेन खाली ठेवलं.

"मी सही करणार नाही."

"जनेल..."

"मी मॉर्मन आहे, ग्रेग." आवाज कापत होता. तिने तो कापू दिला. "माझी आई होती. आजी होती. मी आहे. दीड वर्ष मीही मिशनवर होते. अकरा वर्षं तुमच्या शेजारच्या खोलीत बसतेय. आता माझ्याकडे बघून सांगा, मी कुठे रुळले नाही?"