रेडिएटर गहाळ

तपासणीच्या कागदावर दोनदा एकच शेरा आला होता: 'रेडिएटर गहाळ.' दोन्ही वेळा मी "बरं" म्हणालो आणि व्हॅन घरी आणली.

"बरं?" बायको म्हणाली. "अहो, हिला रेडिएटर नसतोच, हे सहा वर्षं मला उठता-बसता ऐकवताय. आणि त्या माणसासमोर मिठाची गुळणी धरलीत?"

काय सांगणार? चाळीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितं तपासली. चूक दिसली की समासात लाल खूण करायची आणि कागद पुढे सरकवायचा. लेखकाशी बोलायची वेळ येत नसे. कुणाची चूक तोंडाने सांगायची म्हटलं की माझं ततपप होतं. शिवाय आपलंच चुकत असेल, ही शंका काही पाठ सोडत नाही.

व्हॅनही छापखान्याचीच. पुस्तकांचे गठ्ठे वाहून ती थकली आणि त्याच वर्षी मीही निवृत्त झालो. "हवी तर घेऊन जा," मालक सहज बोलून गेले. "हवी," मी म्हणालो, आणि माझा मीच दचकलो.

हिचं इंजिन मागे असतं आणि त्यात पाणी नसतं. पंखा हवा फेकतो आणि इंजिनाभोवतीचे पत्रे ती हवा योग्य जागी नेतात. हे पत्रे फालतू समजून मेकॅनिक काढून टाकतात. मी जुनं माहितीपुस्तक उशाशी ठेवून एकेक पत्रा घासला, रंगवला, जागेवर बसवला. तळहाताएवढा एकच पत्रा अडला. चित्रात त्याची वाकवलेली कड आतल्या बाजूला होती. तशी बसवली तर हवा तिसऱ्या सिलिंडरपाशी पोचण्याआधीच निसटणार, असं मला वाटलं. तीन आठवडे डोकं खाजवलं. शेवटी चित्रच उलटं छापलंय असं ठरवून मी कड बाहेर ठेवली. छापलेलं खोटं ठरवलं खरं, पण तेव्हापासून झोप धड नव्हती.

आता तिसरी तपासणी होती. तिसऱ्यांदा नापास झालेली गाडी परत मिळत नाही; तिथूनच भंगारात जाते.

"या वेळी मी येणार," बायको म्हणाली आणि चहाचा थर्मास मांडीवर घेऊन पुढे बसली.

तपासणीच्या आवारात पिवळ्या पट्ट्यांमध्ये रांग लागली होती. तपासनीस कागद लावलेली फळी वाजवत आला. "आला का ठोकळा? काय आजोबा, बसवला रेडिएटर?"

त्याने दिवे, ब्रेक, चाकं बघून भराभर खुणा केल्या आणि सातव्या, 'रेडिएटर'च्या रकान्याशी थांबला. बायकोने मला कोपर मारलं.

"ला... लागत नाही," मी म्हणालो. "ही हवेवर थंड होते."

"हवेवर तर मीपण थंड होतो, आजोबा. पण इथे रकाना आहे ना!" मग त्याने आवाज खाली आणला. माणूस वाईट नव्हता. "हे बघा, बाहेर भंगारवाला बसतो. कुठलाही फुटका रेडिएटर आणा, पुढे तारेने बांधा. मी खूण करतो. घरी गेल्यावर फेकून द्या."

बायकोचा चेहरा उजळला. "अहो, बांधू या की. तारेनेच तर बांधायचाय."

मलाही वाटलं, बांधावा. पण चाळीस वर्षांत नुसती ओळ भरावी म्हणून मी कुठे एक शब्द घुसवू दिला नव्हता.

"नाही," मी म्हणालो.

"नाही म्हणजे?"

"खोटा रेडिएटर लावणार नाही. मी इंजिन सुरू करतो. अर्धा तास चालू ठेवा. तापून बंद पडलं तर मीच ढकलत भंगारात नेतो."

"अहो, मागे रांग आहे!"

मी किल्ली फिरवली आणि व्हॅनच्या पायरीवर जाऊन बसलो.

हॉर्न वाजू लागले. मागचा ट्रकवाला उतरून आला. "ओ बाबा, प्रदर्शन मांडलंय का?"

"हो, मांडलंय," बायको म्हणाली. "चहा घेणार?"

तो काहीतरी पुटपुटला, पण कप घेतला.

वीसेक मिनिटं झाली असतील. जळका वास आला. तो पत्रा! चित्रच बरोबर होतं. बायकोनेही वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "बंद करायचं का?" तिने हळूच विचारलं.

हात किल्लीकडे गेला होता. मी तो खिशात घातला. "राहू दे."

तपासनीस वास हुंगत मागे गेला. तापमान मोजायचं यंत्र आणून त्याने एकेका सिलिंडरवर रोखलं. तिसऱ्यावर दोनदा. मग वाकून आत बघत राहिला.

"रंग जळतोय," तो म्हणाला. "सायलेन्सरवर ओघळलाय. रंगवताना सांडलात वाटतं."

"आणि तिसरा?"

"बाकीच्यांसारखाच." त्याने पत्र्यांखालून येणाऱ्या गरम वाऱ्यात हात धरला आणि बराच वेळ काढला नाही. मग कपाळ पुसलं. "पण रकान्यात लिहू काय?"

मी खिशातून लाल पेन काढला. त्याच्या फळीवरच्या कागदावर 'रेडिएटर' या शब्दावर आडवी रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'लागू नाही.'

"अहो, सरकारी कागद आहे हा!"

"चुकीचा आहे," मी म्हणालो. आवाज माझाच होता. "इथे सही करा. सहीशिवाय दुरुस्ती धरत नाहीत."

त्याने मागच्या रांगेकडे बघितलं, धडधडणाऱ्या इंजिनाकडे बघितलं आणि माझ्याच पेनाने सही केली.

घरी आल्यावर मी हातसुद्धा न धुता माहितीपुस्तक उघडलं. त्या चित्रावर लाल खूण केली, समासात 'कड बाहेर' असं लिहिलं आणि शेजारी माझी सही ठोकली. पूर्ण नावाची.