चित्रावर नारळाचं पाणी

आमच्या ह्यांना कुठलंही काम नारळाशिवाय सुरू झालेलं चालत नाही. कूलर आणला तरी नारळ, नळ बदलला तरी नारळ. राहेलताईंच्या प्रदर्शनात तरी गप्प बसतील असं मला वाटलं, तिथंच मी फसले.

राहेल पेझारकर रुआबांधा वस्तीत आमच्या शेजारी राहतात. बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी ज्यू. यजमान स्टील प्लांटमध्ये लागले म्हणून भिलाईला आल्या नि इथल्याच झाल्या. त्या चित्रं काढतात, त्यांची जाऊ सणाच्या पावावर झाकायच्या कापडांवर भरतकाम करते. दोघींचं पहिलंच प्रदर्शन सेक्टरातल्या हॉलमध्ये होतं, शनिवार-रविवार. शनिवारी त्यांचा शब्बाथ; काम करायचं नाही, फोनसुद्धा उचलायचा नाही. म्हणून त्या दिवशी टेबल आम्ही सांभाळायचं, लोकांनी नुसतं बघायचं आणि विक्री रविवारी, असं ठरलं.

टेबलामागच्या भिंतीवर मधोमध एलियाहू हन्नाबीचं चित्र होतं, जलरंगातलं, अजून काच न बसवलेलं. त्यांचा हा नबी, म्हणजे प्रेषित, आगीच्या रथातून आकाशात निघालेला नि खाली प्लांटची धुराडी. हे मात्र विकायचं नव्हतं. सोमवारी ताईंचा भाचा इस्राएलला जाणार होता, तो ते ताईंच्या लेकीच्या नव्या घरासाठी नेणार होता. संधिवातानं ताईंची बोटं आखडली आहेत. असं दुसरं आता माझ्याच्यानं व्हायचं नाही, असं त्याच म्हणाल्या होत्या.

हॉल उघडला नि ह्यांनी पिशवीतून नारळ काढून टेबलाच्या कडेवर आपटला. पाणी सरळ चित्रावर उडालं. रथाच्या चाकाचा केशरी रंग ओघळत धुराड्यांपर्यंत आला.

"कोनं सांगतलं होतं तुमाले?" मी म्हटलं.

"नारळाबिना शुभारंभ होते का कुठी?" हे म्हणाले, पण तोंड उतरलं होतं.

फोन करायची सोय नाही, जाऊन सांगावं तर ताईंचा शब्बाथ नासायचा. आकाशात तीन तारे दिसले की तो संपतो. आमच्याकडे प्लांटच्या भट्टीच्या उजेडात तारे दिसायचे म्हणजे वाटच बघा. दिवसभर ह्यांनी जेवणाचा डबासुद्धा उघडला नाही.

अंधार पडल्यावर ताई आल्या. मी काही न लपवता सगळं सांगितलं. त्या चष्मा लावून चित्रासमोर उभ्या राहिल्या. मग ओघळाच्या बाजूनं बोट खाली धुराड्यांपर्यंत नेलं.

"सगळे ह्याला वर जातानाच काढतात," त्या म्हणाल्या. "मीपण तसाच काढला होता. आता बघ वासंती, हा उतरून राहिला. आमच्या कोकणात त्याचा रथ टेकला होता म्हणतात. भिलाईला कधी आला नव्हता."

"तुमाले राग नाही आला, ताई?" ह्यांनी विचारलं.

"सकाळी रंग ओघळताना दिसला असता तर आला असता. पण लेकीचं माहेर इथं आहे, भाऊ. तिच्या भिंतीवर हेच जाईल." मग त्या ह्यांच्याकडे वळल्या. "एलियाहूच्या नावानं मलिदा केल्याशिवाय मात्र मी पाठवणार नाही. पोहे, गूळ घरात आहे. माझ्या बोटांनी खोबरं खववत नाही. नारळ तुम्ही फोडला, आता खवा पण तुम्हीच."

लग्नापासून ह्या माणसानं स्वयंपाकघरात पाण्याचा पेला विसळला नव्हता. तो ताईंच्या घरी निमूट विळीवर बसला. मी हसायला लागले, आणि हसता हसता दिवसभराचं रडू बाहेर आलं.