तिसापर्यंत

बाटली १५६१. वारा पश्चिमेचा. शेरा: काही नाही.

दर मंगळवारी अप्पा टेकडीवरच्या केंद्रात काचेच्या बाटलीत हवा भरायचे. बुधवारी ती बाटली खाली प्रयोगशाळेत यायची आणि त्यांचीच लेक तिच्यातला कार्बन डायऑक्साइड मोजायची. बाप हवा भरतो, लेक हवा मोजते आणि दोघांना त्याचा पगार मिळतो, असं बाटली आणणारे ड्रायव्हरकाका म्हणायचे. थट्टा शिळी झाली होती, तरी एक बुधवार चुकायचा नाही.

बाटली भरायची रीत ठरलेली. वीस पावलं लांब उभं राहून छातीभर श्वास घ्यायचा. तो धरून, तोंड वाऱ्याकडे ठेवून बाटलीशी जायचं, तोटी उघडायची, मनात तीस मोजायचे, तोटी बंद करून लांब यायचं, मगच श्वास सोडायचा. उच्छ्वासाचा एक घोट बाटलीत शिरला की आकडा फुगलाच. लेकीला हे सहाव्या वर्षापासून पाठ होतं. जेवणाच्या ताटावर बापलेक तिसाची पैज लावायचे. ती एकदाही जिंकली नव्हती.

या बाटलीचा आकडा नेहमीपेक्षा जरासा जास्त निघाला. तिने वहीत पेन्सिलीने लिहिलं, भट्टीचा धूर? आणि चहा प्यायला गेली.

१५६२ ते १५८६. शेरा: काही नाही, काही नाही, काही नाही.

आकडा चढत गेला. खोऱ्यातल्या चुन्याच्या भट्ट्या त्याच वर्षी बंद केल्या होत्या, हवा किती सुधारते ते बघायला. तीनशे माणसं घरी बसली होती. सुधारायची सोडून हवा बिघडत चालली. प्रयोगशाळेच्या साहेबांनी यंत्र दोनदा तपासून घेतलं. यंत्र ठणठणीत होतं.

१५८७, १५८८, १५८९. शेरा: अप्पा रजेवर, आत्याकडे. बाटल्या ड्रायव्हरकाकांनी भरल्या.

(या तिन्हींकडे तेव्हा कुणी नीट पाहिलं नाही.)

१५९० ते १६१२.

साहेबांनी अहवाल लिहिला: भट्ट्या बंद ठेवून उपयोग नाही. शुक्रवारी बैठक होती. भट्ट्या पुन्हा पेटणार हे ठरल्यातच जमा होतं.

सोमवारी त्या बैठकीसाठी आलेख काढताना लेकीला चढत्या रेषेत तीन ठिपके खाली पडलेले दिसले, पडलेल्या दातांसारखे. त्या तीन बाटल्यांतली हवा गेल्या वर्षीपेक्षाही स्वच्छ होती. तिने धुरातला दुसरा वायू, कार्बन मोनॉक्साइड, काढून पाहिला. तो वर्षभर तसूभरही वाढला नव्हता. म्हणजे धूर नव्हताच.

त्या तिन्ही बाटल्या अप्पा आत्याकडे असतानाच्या होत्या. तिने आत्याला फोन लावला. आत्याने आधी पाणी येतं का विचारलं, मग गुडघ्यांचं सांगितलं, आणि मग रडायला लागली. अप्पा तिच्याकडे राहिलेच नव्हते. तीन आठवडे इस्पितळात होते. छातीचं दुखणं. शपथ घातली होती त्यांनी.

बाटली १६१३.

मंगळवारी ती त्यांच्याबरोबर टेकडीवर गेली. तू कशाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. मग वीस पावलांवर उभे राहिले, छाती भरली आणि निघाले. ती मागे राहून मोजत होती. तोटी उघडली. आठ, नऊ, दहा. अकराला त्यांचे खांदे हलले. तोंड उघडलं, त्यावर त्यांनी तळवा दाबला, वर्गात हसताना पकडलेल्या पोरासारखा. हात मात्र तोटीवर तीस होईपर्यंत तसाच.

“वारा समोरून होता,” परत येऊन ते म्हणाले. “माझा श्वास मागे गेला.”

“अप्पा, वर्षभर मी तुमचा श्वास मोजतेय.”

ते बाटल्यांच्या पेटीवर बसले. बराच वेळ धापा टाकत होते. पहिला प्रश्न त्यांनी स्वतःबद्दल विचारला नाही.

“किती बाटल्या वाया?”

“पन्नास.”

“आणि आधीच्या तीस वर्षांच्या?”

“त्या स्वच्छ आहेत.”

त्यांनी मान हलवली. मग तुटक तुटक सांगितलं, की निवृत्तीला एकच वर्ष उरलं होतं. मधेच खाट धरली असती तर नवा माणूस मिळेपर्यंत केंद्राला कुलूप लागलं असतं, आणि अशी कुलपं पुन्हा उघडत नाहीत.

बाटल्या बाद करायच्या तर फॉर्मवर कारण लिहावं लागतं, ती म्हणाली.

“लिही की. नाहीतर माझ्या श्वासावर भट्ट्या पेटवतील.” हसायला गेले आणि खोकल्याने वाकले.

फॉर्म. कारण: नमुना घेणाऱ्याचा उच्छ्वास.

सही अप्पांनी स्वतः केली. अहवाल मागे घेतला गेला, भट्ट्या थंडच राहिल्या. केंद्राला त्याच आठवड्यात कुलूप लागलं.

शेवटची नोंद. बाटली नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, त्रास कधीपासून? दोनतीन महिने, अप्पा म्हणाले. लेकीने पिशवीतून नोंदींची वही काढून टेबलावर ठेवली आणि चढता आकडा आठवड्यागणिक दाखवला. बाईंनी तो दोनदा वाचला. इतकी बारीक नोंद त्यांनी कुठल्याच रुग्णाची पाहिली नव्हती.

मग त्या पानं उलटत मागे गेल्या आणि पहिल्या फुगलेल्या आकड्यावर बोट ठेवलं.

“या आठवड्यात आला असतात, तर खूप काही करता आलं असतं.”

बोटाशेजारी पेन्सिलीचे दोन शब्द आणि प्रश्नचिन्ह होतं. अप्पांनी चष्मा सरसावून ते वाचलं.

“अक्षर तुझंच,” ते म्हणाले. पुढे काही म्हणायचं होतं, पण तेवढा श्वास उरला नव्हता.