शटल नसलेलं मशीन

"मिस्त्री, आज पाच आणलीत. काय हवं ते काढून घ्या, बाकीची जातील भट्टीत," भंगारवाला हातगाडीवरचं पोतं ओढत म्हणाला.

मिस्त्री स्टुलावरून उठला नाही. जुनं शिलाई मशीन ओळखायला त्याला जवळ जावं लागत नसे. चाक भरीव आहे की आऱ्यांचं, मान जाड आहे की बारीक, नंबराची पट्टी कुठे ठोकली आहे, एवढं दिसलं की पुरे. मशीन कुठल्या काळातलं आणि त्याचा कुठला भाग अजून बाजारात मिळेल, हे तो बसल्या जागेवरून सांगायचा.

"पहिलं परत ने. मान तडकलीय. दुसऱ्याची सुईदांडी कामाला येईल, ते ठेव. तिसरं आणि चौथं नको."

"अहो, लांबून काय बघताय? चावतात का ती?"

पूर्वी मिस्त्रीने याला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. या दोघांची जुंपली की समोरच्या न्हाव्याची कात्री गिऱ्हाइकाच्या कानापाशी थांबायची, आणि ते गिऱ्हाईकही तक्रार करायचं नाही. आता मिस्त्री विचारलं तेवढंच बोलायचा. तो दुःखी दिसायचा असंही नाही. दुःखी माणूस निदान उसासा तरी टाकतो. हा वेळेवर दुकान उघडायचा, रॉकेलमध्ये भाग बुडवायचा, ब्रशाने घासायचा, पुसायचा आणि वेळेवर दुकान बंद करायचा. त्याला काही वाटतच नव्हतं, आणि त्याचंही त्याला काही वाटत नव्हतं.

कारण गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे विचारत कुणी नसे. त्याची एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली होती. एके दिवशी तिचा फोन बंद झाला. नवराबायको दोघं तिच्या घरी जाऊन आले. जावयाने दार अर्धवट उघडलं आणि "गेली. कुठं ते मला काय माहीत, तुमच्याकडंच आली असेल," असं म्हणून लावून घेतलं. पोलीस चौकीतल्या साहेबाने तक्रार लिहून घेतली. "सज्ञान आहे, गेली असेल आपल्या मर्जीनं," असं समजावलं आणि दोघांची बोळवण केली.

मर्जीने गेली, यावर मिस्त्रीच्या बायकोचा काडीचा विश्वास नव्हता. जावयाचा हात उठतो, हे लेक एकदा बोलून गेली होती. मग ती गेली, की तिला... याच्या पुढचं ती मनातसुद्धा आणत नसे. घरी आल्यावर दोघं जेवायची, भांडी घासायची, झोपायची. तोंड उघडलं तर तेच बोलावं लागेल, म्हणून दोघंही गप्प राहायची.

"आणि हे पाचवं," भंगारवाल्याने शेवटचं मशीन फळीवर टेकवलं. "हे मात्र देखणं आहे हं."

मिस्त्री उठला.

काळं मशीन, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. सुईच्या डाव्या बाजूची वेलबुट्टी मात्र पार पुसली गेली होती, कारण शिवणारीला डावं मनगट तिथे टेकवून बसायची सवय होती. चाकाच्या एका आऱ्याला पितळेचा पिवळा डाग होता. तो आरा मिस्त्रीनेच जोडला होता. दोन मेलेल्या मशीनमधून एक जिवंत करून त्याने ते लेकीला दिलं होतं. एकाचं अंग, दुसऱ्याचं चाक. "बाबा, याला आडनाव कुणाचं लावायचं?" असं विचारून तिने त्याला भंडावून सोडलं होतं.

"कुठून आणलंस?"

मिस्त्रीचा आवाज ऐकून भंगारवाल्याची थट्टा बंद झाली. त्याने जावयाच्याच शहराचं नाव सांगितलं.

"एक माणूस घर खाली करत होता. मशीन चालत नाही म्हणाला. तेल घालून बघितलं, सुई बदलली, शेजारणीला बसवलं. सुई खालीवर होते, पण टाकाच पडत नाही. शिव्या घालत होता मशीनला. म्हणाला, बायको गेली आणि हे धूड मागं ठेवून गेली, घेऊन जा. का हो, ओळखीचं आहे का?"

मिस्त्रीने पितळेच्या डागावर अंगठा ठेवला. मशीन विकलं गेलं, याचा एकच अर्थ त्याला दिसत होता. ज्या मशीनला ती दुसऱ्याला हातही लावू देत नसे, ते भंगारात गेलं होतं. म्हणजे अडवायला ती उरली नव्हती.

मग हातांना सवय होती म्हणून त्याने डाव्या बाजूची सरकती पट्टी ओढली, आणि चाक हळूहळू फिरवलं. पट्टीखालचा खाचा पुढे आला, मागे गेला. खाचा रिकामा होता.

या जातीच्या मशीनला गोल बॉबिन नसतं. बोटाएवढं, होडीसारखं निमुळतं शटल असतं, त्यात बारीक लांब बॉबिन बसतं. खालचा दोरा या शटलातून येतो. ते नसेल तर मशीन नुसतं टकटक करतं, शिवत नाही. हल्लीच्या माणसांनी फक्त गोल बॉबिनची मशीनं पाहिलेली असतात. आत काहीतरी नाहीये, हेच त्यांच्या लक्षात येत नाही.

"यातलं शटल तू काढलंस?"

"मी? मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. आणलं तस्सं समोर ठेवलंय. पण तुमच्याकडं डबाभर शटलं आहेत की. एक घाला आणि विका."

मिस्त्रीने चष्मा पुसला आणि पट्टीची कड उजेडात धरली. माहीत नसलेला माणूस शटल उपसायला जातो, तेव्हा तो पकडीने किंवा चमच्याने खुडबुडतो आणि कडेला ओरखडे पाडतो. इथे एकही ओरखडा नव्हता. चाक नेमकं फिरवून, शटल पुढे आणून, शेपटीशी दाबून कुणीतरी ते अलगद उचललं होतं आणि पट्टी पुन्हा लावून ठेवली होती.

ते तसं उचलायला त्यानेच शिकवलं होतं. लेक शिवणवर्गाला जायची तेव्हा बाकीच्या मुली वर्गात ठेवलेलं हिचं मशीन वापरून बिघडवून ठेवायच्या आणि ही घरी येऊन रडायची. "उठताना शटल काढून खिशात टाकायचं," त्याने सांगितलं होतं, "मग बसू देत कोण बसतंय ते." 

"म्हणजे मी जन्मभर शटल घेऊन फिरू?" 

"फिर. फक्त मशीन विकशील तेव्हा आत ठेव. त्याच्याविना विकणं म्हणजे फसवणूक. पण ज्या मशीनवर परत बसायचंय, त्याचं शटल आपल्याजवळ हवं." 

तेव्हापासून ती प्रत्येक कपड्याला खिसा शिवायला लागली. आई म्हणायची, पोरगी आहे की पोस्टमन.

दुपारी मिस्त्री दुकानाला कुलूप न लावताच घरी गेला. न्हाव्याने ते पाहिलं आणि आपली खुर्ची मिस्त्रीच्या दुकानाकडे तोंड करून ठेवली.

बायको ताटं घेत होती.

"मशीन आलंय," तो म्हणाला.

"मशीनं येतातच."

"तिचं."

बायकोने हातातलं ताट ओट्यावर ठेवलं आणि ती होती तिथे जमिनीवर बसली. "विकलं त्यानं?"

"हो."

"म्हणजे संपलंच की हो," ती म्हणाली. तिने डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं नाही.

"अगं, शटल नाहीये त्यात."

तिने मान वर केली. मिस्त्रीच्या घरात उभा जन्म काढलेल्या बाईला याहून जास्त सांगायची गरज नव्हती. तरी तिने विचारलंच.

"नीट बघितलंत?"

"बघितलं."

"पडलं असेल कुठंतरी. त्या मेल्यानं फेकलं असेल."

"कडेला ओरखडा नाही. पट्टी लावलेली होती."

बायकोने उजव्या हाताने आपल्याच कमरेपाशी, खिसा असता तर जिथे असता तिथे, चाचपलं.

"काढून घेऊन गेली," ती म्हणाली. "उचलून नेता येईना, म्हणून तेवढंच घेऊन गेली. आपल्या पायानं गेली हो."

"हो."

"मारून झाल्यावर कुणी शटल काढत बसत नाही."

एवढे दिवस दोघांनी टाळलेला शब्द तिने उच्चारला आणि घरात काही कोसळलं नाही. तिने उठून ताटं वाढली. दोघं जेवली. लेक कुठे आहे, काय खाते, कुणाच्या आसऱ्याला आहे, यातलं काहीच कळलं नव्हतं. जेवताना मिस्त्रीने तिचा नंबर लावून पाहिला. फोन बंदच होता. पण बायकोने ताटात पुन्हा वाढून घेतलं, हे त्याने पाहिलं.

"त्यात दुसरं शटल घालू नका हं," ती म्हणाली.

"नाही घालणार."

ते मशीन मिस्त्रीने दुकानाच्या दर्शनी फळीवर ठेवलं, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. तिथली गिऱ्हाइकांची मशीनं त्याने आत हलवली. भंगारवाला येता-जाता म्हणायचा, "पांढरा हत्ती पोसताय, मिस्त्री." यावर एकदा मिस्त्री म्हणाला, "काळं आहे ते. डोळे तपासून घे." न्हाव्याची कात्री थांबली. पण पुढे काही झालं नाही. मिस्त्री पुन्हा ब्रश घेऊन घासायला बसला.

उन्हाळा गेला. एक बाई दुकानात आल्या. त्यांना जुनं, चालू स्थितीतलं मशीन हवं होतं आणि त्यांची नजर नेमकी फळीवर गेली.

"हे द्या ना. किती छान राखलंय."

"ते विकायचं नाही."

"मग दाराशी कशाला मांडलंय?"

"मालकीण येईल न्यायला."

"दुरुस्त झालं का?"

"बिघडलेलंच नाही. त्याचं शटल तिच्याजवळ आहे."

"अहो, दुसरं मिळेल की. तुम्ही सांगाल तेवढे दिवस थांबते मी."

मिस्त्रीच्या मागच्या खणात डबा होता. त्यातलं एक शटल या मशीनला चपखल बसेल, हे त्याला न बघताही ठाऊक होतं. त्याने बाईंना आतलं दुसरं मशीन दाखवलं, चालवून दाखवलं, आणि त्या ते घेऊन गेल्या.

संध्याकाळी शटर ओढण्याआधी त्याने फळीवरच्या मशीनवरची धूळ पुसली. कापड पुढे सरकवणाऱ्या दातांवर मशीनचा दाबपाय घासू नये म्हणून मध्ये ठेवलेली कापडाची घडी सारखी केली. मग पट्टी सरकवून त्याने शटलच्या रिकाम्या खाच्यात तेलाचा एक थेंब सोडला. वापरात नसली की ती जागा आधी गंजते.